इसब आणि ताटातले अन्न : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात इसबावर लिहिले, त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत औषधाविषयी जेमतेम एक ओळ होती आणि खाण्यापिण्याविषयी पानभर मजकूर होता. काय वर्ज्य करावे, काय वाढवावे, पोषकद्रव्ये मिसळलेले तांदूळ, दूध आणि पावडरी यांनी त्रास वाढतो की कमी होतो, असे हे प्रश्न आहेत. त्यांतली सहा पत्रे निवडली असून ती थोडक्यात दिली आहेत. पहिली पाच पत्रे लहानपणी सुरू होणाऱ्या, सर्दी-दम्याच्या घराण्यात आढळणाऱ्या इसबाविषयी, म्हणजे ॲटोपिक डर्मटायटिसविषयी किंवा त्याच्या पथ्याविषयी आहेत. सहावे पत्र हाताच्या वेगळ्या इसबाचे आहे.

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांची आहे. आठ महिन्यांची असल्यापासून तिला इसब आहे. कोपरांच्या खोबणीत, गुडघ्यांच्या मागे आणि मनगटांवर त्वचा जाड, काळपट झाली आहे. रक्ताच्या तपासणीत चाळीसपैकी अकरा पदार्थ पॉझिटिव्ह आले, म्हणून सहा महिन्यांपासून दूध, दही, अंडी, शेंगदाणे, गहू, केळी आणि वांगी बंद केली आहेत. खाज तशीच आहे आणि वजन साडेदहा किलो आहे. आता घरातली माणसे तांदूळही बंद करायला सांगतात. आणखी काय बंद करू? (एक आई, जि. सातारा)

उत्तर : आणखी काहीही बंद करू नका. उलट जे बंद केले आहे त्यातले बरेचसे परत सुरू करायचे आहे, मात्र ते घरी, आपल्या मनाने नाही. त्याचे कारण पुढे सांगते.

आधी वजनाकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचे मध्यम वजन १३.९ किलो आहे, आणि १०.८ किलोच्या खाली गेलेली मुलगी कमी वजनाची समजली जाते. तुमची मुलगी त्या रेषेच्या खाली आहे. रात्रभर खाजवणाऱ्या मुलांची झोप मोडते, भूकही मोडते, त्यामुळे दोष सगळा पथ्याचा आहे असे पत्रावरून म्हणता येणार नाही. पण दूध, अंडी, शेंगदाणे आणि पोळी एकाच वेळी काढून घेतल्यावर आपल्याकडच्या लहान मुलाच्या ताटात भात, वरण आणि बटाटा याखेरीज फारसे काही उरत नाही. या वयाला दिवसाकाठी ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते, परंतु तीन वर्षांचे मूल रोज १०० ग्रॅम नाचणी खात नाही. दूध बंद करणे सोपे असते, त्याची जागा भरून काढणे फार अवघड असते.

आता तपासणीविषयी. त्या कागदावरचे अकरा 'पॉझिटिव्ह' म्हणजे शरीराने त्या अकरा पदार्थांची नोंद घेतली आहे, इतकाच त्याचा अर्थ होतो. नोंद असणे म्हणजे तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होणे नव्हे. इसब असलेल्या मुलांच्या रक्तात आयजीई नावाची प्रतिद्रव्ये मुळातच जास्त असतात, त्यामुळे चाळीस पदार्थ तपासले की दहा-बारा पॉझिटिव्ह येणे हे नेहमीचेच आहे. ही तपासणी आधी शंका आणि मग चाचणी या क्रमाने वापरायची असते. अंडे खाल्ल्यावर पंधरा मिनिटांत ओठ सुजले, तर अंड्याची चाचणी करावी. शंका नसताना चाळीस पदार्थ तपासून घेणे म्हणजे उत्तरपत्रिका आधी छापून मग प्रश्न शोधत बसणे आहे. (आयजीजी नावाच्या प्रतिद्रव्यांवर आधारलेल्या 'फूड इन्टॉलरन्स' तपासण्याही विकल्या जातात. आयजीजी हे तो पदार्थ खाण्यात आला असल्याचे लक्षण असते, ॲलर्जीचे नव्हे. त्या करूच नयेत.)

मग इसब येतो कुठून? त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर कुडाच्या भिंतीसारखा असतो असे समजा. काड्या म्हणजे पेशी, आणि त्यांच्यावरचा गिलावा म्हणजे स्निग्ध पदार्थ व काही प्रथिने. फिलॅग्रिन हे त्यांतले एक महत्त्वाचे प्रथिन आहे. ते तयार करणाऱ्या जनुकातील दोष आणि इसब यांचा घट्ट संबंध २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. हा दोष इसबाच्या सगळ्याच रुग्णांत नसतो, पण त्वचेचा गिलावा निसटलेला असणे हे सगळ्यांमध्ये सारखे असते. त्या भेगांतून आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरची धूळ, जंतू, साबण, अन्नाचे कण आत शिरतात. ताटातला पदार्थ बदलून भिंत लिंपली जात नाही.

अन्नाचा काहीच संबंध नसतो असे मी म्हणत नाही. मध्यम ते तीव्र इसब असलेल्या लहान मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना एखाद्या पदार्थाची खरी ॲलर्जीही असते, बहुधा अंड्याची, दुधाची किंवा शेंगदाण्याची. परंतु ॲलर्जी बरोबर असणे आणि ॲलर्जीमुळे इसब असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदार्थ वर्ज्य करून पाहण्याच्या दहा चाचण्यांचे निष्कर्ष २०२२ साली एकत्र तपासले गेले. त्यांत सुमारे ६०० रुग्ण होते, आणि वर्ज्य करणाऱ्यांना फायदा झाला तो थोडासाच. त्याच्या उलट बाजूला एक धोका आहे, तो घरोघरी सांगितला पाहिजे. मूल जो पदार्थ आजवर बिनतक्रार खात आले आहे, तो महिनोन्‌महिने तोडला की शरीराची त्या पदार्थाची सवय सुटते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, अन्नाने इसब वाढतो म्हणून ज्यांना पथ्यावर ठेवले होते आणि ज्यांना आधी कधीही तात्काळ त्रास झालेला नव्हता, अशा मुलांपैकी १९ टक्के मुलांना पुढे तोच पदार्थ पोटात गेल्यावर तात्काळ ॲलर्जीचा त्रास झाला. म्हणून दूध, अंडे, शेंगदाणे आणि गहू यांची पहिली पुनर्भेट ही ॲलर्जीचे ज्ञान असलेल्या बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, थोड्या प्रमाणात आणि एका वेळी एकच पदार्थ अशी व्हायला हवी. केळी आणि वांगी यांच्याबद्दलही त्यांनाच विचारा. पूर्वी ती खाऊन काही झाले नव्हते की नाही, एवढे आठवून लिहून न्या.

एखाद्या पदार्थाचा खरोखर संशय असेल तर तो एकटाच दोन ते चार आठवडे बंद ठेवायचा, त्या काळात औषधे आणि मलमे बदलायची नाहीत, आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने तो परत सुरू करून पाहायचा. बंद केल्यावर बरे वाटले आणि सुरू केल्यावर पुन्हा बिघडले, तरच तो दोषी ठरतो. इसब आपणहून कमीजास्त होत असतो, त्यामुळे यातला दुसरा अर्धा भाग गाळला की निष्पाप पदार्थाला जन्मठेप होते.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही चिठ्ठीच्या तळाशी 'दूध, अंडी, वांगे, आंबट वर्ज्य' असे सर्रास लिहीत असे. अशी चिठ्ठी घेऊन गेलेला एक मुलगा वर्षभराने परत आला तेव्हा इसब होता तसाच होता, केस विरळ झाले होते, तोंडाचे कोपरे फुटले होते आणि पायजम्याची नाडी कमरेभोवती दोनदा गुंडाळून बांधली होती. आईने ते पथ्य एक दिवसही मोडले नव्हते. ती नाडी मला अजून दिसते, आणि ती ओळ मी त्या दिवसानंतर चिठ्ठीवर लिहिलेली नाही.

मुलीच्या त्वचेवर काय करायचे ते सांगते. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरकावी. टॉवेलने पुसताना रगडू नये, टिपून घ्यावे, आणि अंग किंचित ओले असतानाच वास नसलेले साधे मलम किंवा क्रीम सर्वांगाला लावावे, दिवसातून किमान दोनदा. हे चिमूटभर लावून भागत नाही. पूर्ण अंगावर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागते, आणि बहुतेक घरांत तेवढी डबी दोन-तीन महिने पुरवली जाते. लाल, पेटलेल्या जागी डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइडचे मलम सांगितलेले दिवस निर्धास्तपणे लावावे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी पट्टी पिळली की ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दुकानदार आपल्या मनाने देतो ती तीन-चार औषधांची मिश्र मलमे मात्र लावू नका.

प्रश्न : माझ्या थोरल्या नातवाला इसब आहे. सुनेला पुन्हा सातवा महिना आहे. तिने दूध, अंडी, शेंगदाणे सोडावेत का? बाळाला शेंगदाण्याचे कूट केव्हा द्यावे? आमच्याकडे दुधात कालवलेले डाळीचे पीठ किंवा कणकेचा गोळा बाळाच्या अंगावर फिरवून मग आंघोळ घालतात. ते चालू ठेवावे का? (एक आजी, कोल्हापूर)

उत्तर : आजी, सुनेला काहीही सोडायला लावू नका. गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आईने दूध, अंडी वा शेंगदाणे टाळल्याने बाळाचा इसब टळतो, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. आईचे वजन मात्र नीट वाढत नाही. तिला स्वतःला ॲलर्जी नसेल तर डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, शेंगदाण्याची चटणी, सगळे आनंदाने द्या.

शेंगदाण्याच्या बाबतीत तर वैद्यकाने आपले मत उलटे फिरवले आहे. पूर्वी पाश्चात्त्य देशांत जोखमीच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा दाखवूच नये असा सल्ला होता, आणि तरीही तिथे शेंगदाण्याची ॲलर्जी वाढत गेली. लंडनमध्ये ॲलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक यांच्या गटाने तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे घेतली. निम्म्यांना शेंगदाणा पूर्ण बंद ठेवला आणि निम्म्यांना आठवड्यातून किमान तीनदा नियमाने खाऊ घातला. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांच्या वयाला शेंगदाण्याची ॲलर्जी टाळणाऱ्या गटात १७.२ टक्के मुलांना होती आणि खाणाऱ्या गटात ३.२ टक्के मुलांना. याने इसब बरा झाला नाही हेही सांगायला हवे, टळली ती ॲलर्जी. शेंगदाण्याचे कूट ज्यांच्या भाजीत, कोशिंबिरीत आणि खिचडीत रोज असते त्या आपल्या घरांना ही गोष्ट सहज साधण्यासारखी आहे. सहा महिने पूर्ण झाले, वरचे अन्न सुरू झाले, की भाजलेल्या शेंगदाण्याचे अगदी वस्त्रगाळ कूट पाव चमचा घेऊन खिमटात किंवा नाचणीच्या सत्त्वात पातळ कालवून द्यावे आणि पुढे आठवड्यातून दोन-तीन वेळा देत राहावे. बाळाला त्याआधीच जोरदार इसब झाला असेल तर मात्र पहिला घास डॉक्टरांना विचारून, गरज पडल्यास त्यांच्यासमोर द्यावा, आणि हे विचारणे लांबणीवर टाकू नये. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत हाती देऊ नका, तो श्वासनळीत अडकतो.

आता डाळीच्या पिठाविषयी, आणि तुमच्या पत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रश्न हाच आहे. तोंडावाटे आतड्यात गेलेल्या अन्नाशी शरीर ओळख करून घेते आणि फुटलेल्या त्वचेतून शिरलेल्या त्याच अन्नाशी वैर धरते, असा एक सिद्धान्त लॅक यांनीच मांडला आहे, आणि त्याचा मोठा पुरावा जपानमध्ये अनपेक्षितपणे मिळाला. तिथे चेहरा धुण्याच्या एका लोकप्रिय साबणात गव्हाचे विघटित प्रथिन घातलेले होते. तो वापरणाऱ्या २,०००हून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली. आयुष्यभर पाव आणि शेवया खाल्लेल्या बायकांच्या पापण्या गहू खाल्ल्यावर सुजू लागल्या, काहींना जीवघेणा त्रास झाला. २०११ साली तो साबण बाजारातून परत घेतला गेला. म्हणजे जो गहू तोंडातून वर्षानुवर्षे चालला, तोच गालांच्या त्वचेतून शिरल्यावर शत्रू झाला.

बाळाची त्वचा धडधाकट असताना पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले, त्यात तुमच्या आईची काही चूक नव्हती. पण ज्या घरात इसब आहे, त्या घरातल्या बाळाच्या अंगावर दूध, कणीक किंवा डाळीचे पीठ रगडू नका. खरखरीत पिठाने आधीच कमजोर असलेला थर आणखी खरवडला जातो आणि त्याच भेगांत दुधा-गव्हाची प्रथिने भरली जातात. तेलाचा हात मात्र हलकेच लावता येईल. मोहरीचे तेल चुरचुरते, ते नको. ऑलिव्ह तेलाने त्वचेचा बाहेरचा थर कमकुवत होतो असे आढळले आहे, तेही नको. खोबरेल चालेल. फिलिपाइन्समध्ये इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल तेल हे खनिज तेलापेक्षा सरस ठरले होते. खोबरेल हाही खाण्याचाच पदार्थ नाही का, असे तुम्ही विचाराल. ॲलर्जी होते ती प्रथिनांमुळे, आणि नितळ गाळलेल्या तेलात प्रथिने जवळजवळ नसतात. डाळीच्या पिठात ती भरपूर असतात.

एक खर्च वाचवण्यासारखा आहे. इसब होऊ नये म्हणून जन्मल्यापासून महागडी लोशने चोपडण्याचा उपयोग होत नाही. ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर हे करून पाहिले, २०२० साली निष्कर्ष आले, आणि फरक दिसला नाही. इसब झाल्यावर मलम हवेच, आधी नको.

प्रश्न : रेशनच्या तांदळात हलके, पिवळसर पांढरे दाणे असतात. धुताना ते वर तरंगतात. गावात सगळे त्यांना प्लॅस्टिकचे म्हणतात. हे तांदूळ सुरू झाल्यापासून मुलाचा इसब वाढला असे वाटते, म्हणून आम्ही ते दाणे वेचून टाकतो. (एक वडील, जि. भंडारा)

उत्तर : ते प्लॅस्टिक नाही, तांदळाच्याच पिठापासून केलेले दाणे आहेत. पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून ते यंत्रातून तांदळाच्या आकारात पाडतात आणि साधारण शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळतात. घनता वेगळी असल्यामुळे काही दाणे तरंगतात. खात्री करायची असेल तर दहा-वीस दाणे वेगळे शिजवा आणि बोटाने चेपून पाहा, भातासारखेच मऊ होतात. प्लॅस्टिक असे शिजत नाही.

प्रमाण पाहिले की भीतीचे कारण उरत नाही. नियमाप्रमाणे अशा एक किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे मुलाने दिवसभरात १५० ग्रॅम तांदूळ खाल्ला तर ४ ते ६ मिलिग्रॅम लोह त्याच्या पोटात जाते. रक्तक्षय झालेल्या मुलाला आपण औषधातून याच्या कितीतरी पट लोह देतो आणि त्याने इसब उसळत नाही. तांदूळ हे तर इसबाच्या मुलांना सर्वांत कमी त्रास देणारे धान्य आहे. तुमच्याकडे धान कापणीला येते आणि मागोमाग थंडी पडते, त्या कोरड्या हवेने इसब दरवर्षीच वाढतो. तांदूळ बदलला आणि हवा बदलली हे एकाच वेळी घडले असेल, तर गेल्या वर्षीची थंडी आठवून पाहा.

या तांदळाने इसब बरा होईल अशी आशाही धरू नका, त्यासाठी तो केलेलाच नाही. पोषकद्रव्ये मिसळलेले अन्न कमतरता भरून काढते, आणि त्वचेचे काही आजार खरोखर कमतरतेचे असतात. दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा आढळे. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातांवर, पायांवर आणि गळ्याभोवती हार घातल्यासारखी त्वचा काळवंडून सोलायची. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास त्याचा ज्वारीशी असलेला संबंध अभ्यासला. तो नायसिन या जीवनसत्त्वाशी निगडित आजार आहे. जस्त कमी पडले तर लहान मुलांच्या तोंडाभोवती, गुदद्वाराभोवती आणि हातापायांवर लाल चट्टे उठतात, केस गळतात, जुलाब होतात, आणि कित्येकदा महिनोन्‌महिने त्यालाच इसब समजून मलमे लावली जातात. तुमच्या मुलाचे चट्टे कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या वळणांत नसून तोंडाभोवती असतील तर जिल्हा रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना नक्की दाखवा. ते दाणे वेचू नका, तांदूळ एक-दोनदाच हलक्या हाताने धुवा आणि शक्यतो पेज न काढता बेताच्या पाण्यात शिजवा. पाण्याबरोबर बी-१२ आणि फॉलिक आम्ल वाहून जाते.

प्रश्न : वय २७. लहानपणापासून इसब. वर्षभर दर आठवड्याला 'ड' जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी घेते. शिवाय माशाच्या तेलाच्या, इव्हिनिंग प्रिमरोझच्या (एका फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या) आणि प्रोबायोटिकच्या (पोटाला उपयुक्त जंतूंच्या) गोळ्या, आणि सकाळी जीवनसत्त्वे घातलेली प्रोटीन पावडर. फरक थोडा आहे. यात काय चालू ठेवू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पुडी आजच थांबवा आणि रक्तातील 'ड' जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि (मूत्रपिंडाचे काम कळावे म्हणून) क्रिएटिनिन तपासून घ्या. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साडेआठ हजार युनिट झाले, आणि देखरेखीशिवाय रोज ४,०००च्या वर जाऊ नये. ही पुडी कमतरता असलेल्याला सहसा आठ-बारा आठवडे देतात. वर्षभर स्वतःहून घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, वारंवार लघवी यांपैकी काही असेल तर उशीर करू नका.

'ड' जीवनसत्त्वाचा इसबाशी काहीच संबंध नाही असे नाही. मंगोलियातील उलानबातर येथे हिवाळ्यात इसब वाढणाऱ्या १०७ मुलांपैकी काहींना महिनाभर रोज १,००० युनिट आणि बाकीच्यांना औषध नसलेली तशीच मात्रा दिली, तेव्हा औषध घेणाऱ्यांना अधिक आराम पडला. २०१४ सालचा हा अभ्यास आहे. पण ती मुले उणे तापमानात, अंगावर फारसे ऊन न घेता हिवाळा काढणारी होती, आणि मात्रा तुमच्या मात्रेच्या आठव्या हिश्श्याएवढी होती. कमतरता असेल तर भरून काढावी, भरलेल्या माठात पाणी ओतत राहू नये. पिशवीवर '+एफ' असे चिन्ह असलेल्या दुधात लिटरमागे २०० ते ३०० युनिट असतात. रोज एक पेला दूध घेतल्याने अति होण्याची भीती मुळीच नाही, त्यातून रोजच्या गरजेचा जेमतेम दहावा भाग मिळतो.

इव्हिनिंग प्रिमरोझ बंद करा. २७ चाचण्या एकत्र पाहून कॉक्रेन या स्वतंत्र संस्थेने २०१३ साली ते आणि बोरेज या झाडाच्या बियांचे तेल निरुपयोगी ठरवले. ब्रिटनने तर २००२ सालीच त्याची इसबावरील औषध म्हणून असलेली मान्यता काढून घेतली होती. प्रोबायोटिकबद्दल याच संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात झालेला इसब कमी करण्यात नगण्य फरक दिसला. गरोदरपणात आणि बाळाला दिल्यास इसब कमी होतो का हा निराळा प्रश्न आहे. तिथे फिनलंडमधील २००१च्या एका चाचणीने बरीच आशा निर्माण केली होती, नंतरचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. घरचे ताक रुचत असेल तर प्या, गोळीवर पैसे घालू नका. माशाच्या तेलाचा इसबावर खात्रीने परिणाम होतो असे दिसलेले नाही. बांगडा, तारली खात असाल तर तेवढे पुरे.

पावडरीचा डबा हातात घेऊन उलटा फिरवा. समोर जीवनसत्त्वांची नावे मोठ्या अक्षरांत असतात, मागे बारीक अक्षरांत दूध, सोया, गहू किंवा बार्ली असते. भारतात २०२०च्या लेबल-नियमांनुसार दूध, अंडी, शेंगदाणे, सोया, गहू, मासे आणि कठीण कवचाची फळे यांचा उल्लेख करणे बंधनकारक आहे, तो वाचा. तुम्हाला यांपैकी कशाची ॲलर्जी नसेल तर पावडर इसबाला अपायकारक नाही, आवश्यकही नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२४ साली ब्रिटनमधील दोन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असे दिसले की लघवीतून दिवसाला जाणारे सोडियम एका ग्रॅमने वाढले की इसब असण्याची शक्यता ११ टक्क्यांनी जास्त होती. याने मीठच कारण आहे असे सिद्ध होत नाही. पण लोणचे, पापड, फरसाण थोडे कमी केल्याने रक्तदाबाचे भले तर होतेच, तेव्हा या पुडी-गोळ्यांपेक्षा हा प्रयोग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

प्रश्न : मासे खाऊन दूध प्यायल्याने इसब किंवा कोड होते का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने त्वचेतील रंगपेशींवर हल्ला केल्यामुळे होणारा आजार आहे आणि त्याचा या दोन पदार्थांच्या एकत्र येण्याशी संबंध नाही. माशांची ॲलर्जी असलेल्याने मासे टाळावेत, मग सोबत दूध असो वा नसो.

प्रश्न : मी पोळीभाजी केंद्र चालवते. दोन वर्षांपासून बोटांची टोके फुटतात, रक्त येते. उजव्यापेक्षा डावा हात वाईट आहे. गरम पदार्थ, आंबट, वांगे, सगळे सोडून पाहिले. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुमच्या ताटात काय आहे यापेक्षा तुमच्या हातात काय आहे हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पत्रासोबतच्या छायाचित्रात डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांचीच टोके जाड, कोरडी आणि उभ्या चिरा पडलेली आहेत. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट स्वच्छ आहे. तुम्ही उजव्या हाताने काम करणाऱ्या असाल, तर लसणाची पाकळी याच तीन बोटांत धरून उजव्या हातातल्या सुरीने सोलत किंवा चिरत असाल. लसणातील डायअलिल डायसल्फाइड या द्रव्यामुळे होणाऱ्या इसबाची खूण अशीच असते. त्यात भांड्यांचा साबण आणि दिवसभराचे ओले हात यांची भर पडते.

रबरी हातमोजे घालून पाहिले आणि गुण आला नाही, असे तुम्ही लिहिता. लसणाचे हे द्रव्य साध्या रबरी मोज्यांतून आरपार जाते, आणि आत हात घामेजला की जास्तच शिरते. म्हणून सहा आठवडे लसूण सोलण्याचे आणि चिरण्याचे काम पूर्णपणे दुसऱ्या कोणाकडे द्या, सोललेला लसूण आणला तरी तो बोटांत धरून चिरू नका, सरळ मिक्सरमध्ये ओता. भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी असे दोन मोजे घाला, आणि प्रत्येक वेळी हात धुतल्यावर घट्ट मलम लावा. शिजवलेला लसूण खाणे बहुतेकांना चालते. वांगे, आंबट आणि गरम म्हणून सोडलेले सगळे पदार्थ परत सुरू करायला हरकत नाही.

सहा आठवड्यांत बोटे भरून आली तर निदान जवळपास झालेच. तरीही पॅच टेस्ट करून घ्या, कारण निकेल, रबर किंवा कांद्याचीही ॲलर्जी सोबत असू शकते. त्यात संशयित द्रव्यांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून ४८ तासांनी काढतात, आणि त्या वेळी एकदा व त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा एकदा पाठ तपासतात. तेवढ्या दिवसांत पाठ भिजवता येत नाही आणि घाम येऊन पट्ट्या सुटल्या तर सगळे परत करावे लागते, म्हणून सणासुदीच्या मोठ्या ऑर्डरी असतील तो आठवडा आणि एप्रिल-मे महिने टाळून थंडीतली तारीख घ्या.